ॲशव्हिलवर कात्री का चालली?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, डोंगररांगांत ॲशव्हिल हे छोटं शहर आहे. २०१० च्या जनगणनेत तिथे ८३,३९३ माणसं होती. तेव्हा राज्याच्या वाट्याला प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, १३ जागा होत्या, म्हणजे एका मतदारसंघात ७,३३,४९९ लोक. अशी आठ शहरं एका मतदारसंघात सहज मावतील. तरीही २०११ च्या नकाशात ॲशव्हिलचा एक तुकडा दहाव्या मतदारसंघात गेला आणि दुसरा अकराव्यात.

लोकसंख्या समान राखायची तर कुठेतरी कापावं लागतंच, हे खरं. पण किती, ते मोजता येतं. राज्यात १०० कौंट्या, म्हणजे जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. ती कमी-जास्त वजनाची १०० पोती समजा आणि १३ सारख्या कणग्या भरायला घ्या. कणगी काठोकाठ आली की हातातलं पोतं फोडायचं, उरलेलं धान्य पुढच्या कणगीत ओतायचं. तेरावी आपोआप भरते. म्हणजे १२ पोती फोडून काम भागतं. नकाशात मतदारसंघ सलग हवा असल्याने थोडं इकडेतिकडे होईल, इतकंच. मात्र कोणतं पोतं फोडायचं, हे गणित सांगत नाही. ते माणसं ठरवतात. ॲशव्हिल डेमोक्रॅटिक पक्षाला भरभरून मतं देणारं, भोवतालचा ग्रामीण भाग रिपब्लिकन. शहर फोडलं की त्याची मतं दोन्हीकडे विरघळतात.

ही निवड उघडी पाडायलाही गणितच कामी आलं. ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांच्या गटाने संगणकाकडून राज्याचे २४ हजारांहून अधिक नियमात बसणारे नकाशे काढून घेतले. २०१६ च्या नव्या सरकारी नकाशाने, ज्यात ॲशव्हिल दुभंगलेलंच होतं, रिपब्लिकनांना १३ पैकी १० जागा दिल्या होत्या. त्याच मतांवर संगणकाच्या शंभरातल्या एकाही नकाशात धड तसा निकाल येत नव्हता.

२०१९ मध्ये राज्याच्या न्यायालयाने तो नकाशा थांबवला आणि नव्या नकाशात ॲशव्हिल अखंड अकराव्यात आलं. २०२० मध्ये तिथे रिपब्लिकन उमेदवारच निवडून आला. मला तरीही हा बदल मोलाचा वाटतो. एका शहराचे रस्ते, पाणी, पूर यांचं गाऱ्हाणं एकाच दारी नेता येणं, हा नागरिकांचा हक्क आहे, मग दार कोणत्याही पक्षाचं असो. कात्री पूर्वेकडे सरकली. त्या नकाशात दोन मतदारसंघांत वाटली गेली ती रुदरफोर्ड कौंटी.