सागरी विमाने, लढाऊ सिम्युलेटर आणि पाण्याचा प्रश्न : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील सीप्लेन (चाकांच्या जागी फ्लोट म्हणजे तरंगते पाय असलेली विमाने) आणि फ्लाइंग बोटी (ज्यांचे धडच नावेसारखे तरंगते अशी विमाने) एका लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवण्याच्या संगणकीय खेळात, आणण्याचे काम ग्वाल्हेरमधील काही मराठी हौशी मंडळींनी हाती घेतले आहे. तेव्हापासून दोन प्रश्न सतत विचारले जातात. ही विमाने सिम्युलेटरांनी इतकी वर्षे बाजूला का ठेवली, आणि आता ती आणायचीच तर पाण्याचे काय करायचे? महाराजपुऱ्याच्या तळावरून उठणाऱ्या मिराजच्या आवाजात लहानाची मोठी झालेली ही मंडळी समुद्रापासून शेकडो कोस दूर राहतात. तरीही त्यांचा सगळा वाद समुद्राभोवती फिरतो आहे, आणि तो वाद समजायचा तर त्यामागचा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. २८ मार्च १९१० रोजी दक्षिण फ्रान्समधील मार्तीगजवळच्या खाऱ्या सरोवरावरून एका फ्रेंच अभियंत्याने स्वतःच्या इंजिनाच्या बळावर पाण्यावरून उठणारे पहिले विमान उडवले. पुढच्याच जानेवारीत सॅन डिएगोच्या उपसागरात एका अमेरिकन विमानकर्त्याने फ्लोट लावलेले अधिक व्यवहार्य यंत्र उडवून दाखवले आणि १९१२ मध्ये त्यानेच नावेच्या आकाराचे धड असलेली फ्लाइंग बोट तयार केली. या बोटीवर काम करताना जे उमगले त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. सलग बुडाची नाव कितीही वेग घेतला तरी पाणी सोडीना, कारण बुडाच्या मागच्या भागाला पाणी चिकटून राही आणि तिला खाली ओढून धरी. बुडाला मध्येच आडवी पायरी दिल्यावर पाणी त्या कडेशी तुटले, पायरीमागे हवा शिरली आणि नाव पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागली. विमानाच्या बाह्यरेषेत ही पायरी जेमतेम दिसते, त्यामुळे त्रिमितीय मॉडेल तयार करणारे तिला पुष्कळदा शोभेची रेघ समजतात. तसे समजणे अत्यंत चुकीचे आहे.

१९१४ ते १९१८ हा काळ या विषयाचा गाभा आहे. १२ ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या परिसरात शॉर्ट १८४ जातीच्या ब्रिटिश सीप्लेनने शत्रूच्या जहाजावर हवेतून टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडोचे ओझे पेलावे म्हणून त्या विमानात निरीक्षक घेतलेला नव्हता. पाचच दिवसांनी त्याच मोहिमेत दुसऱ्या एका शॉर्ट १८४चे इंजिन कुरकुरू लागले आणि वैमानिकाला पाण्यावर उतरावे लागले. टॉर्पेडो पोटाशी असताना विमान पुन्हा उठेना. वैमानिकाने ते पाण्यावरूनच हाकत एका तुर्की टगबोटीच्या (जहाजे ओढणाऱ्या लहान बोटीच्या) समोर नेले, टॉर्पेडो सोडून ती बोट बुडवली, आणि ओझे उतरल्यामुळे हलके झालेले विमान उडवून तो परतला. एकाच घटनेत विमान, नाव आणि शस्त्र यांचा हिशेब इतका उघडपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

इटलीच्या पूर्वेकडील एड्रियाटिक समुद्रात चित्र वेगळे होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दोन लोनर फ्लाइंग बोटींनी ‘फूको’ ही फ्रेंच पाणबुडी बॉम्ब टाकून निकामी केली. पाणबुडी बुडाल्यावर त्याच बोटी पाण्यावर उतरल्या आणि खलाशांचा आधार बनल्या. सगळे खलाशी वाचले. हिंदी महासागरातही या विमानांची सावली पडली होती. ‘वोल्फ’ या जर्मन छुप्या युद्धनौकेवर ‘व्योल्फखेन’ म्हणजे ‘लहानगा लांडगा’ या लाडक्या नावाचे फ्रीडरिखशाफेन सीप्लेन होते. ते पुढे जाऊन जहाजे हेरत असे, आणि एका जहाजाला तर त्याने वरून चिठ्ठी टाकून व समोर बॉम्ब फोडून शरण यायला लावले. याच नौकेने १९१७च्या फेब्रुवारीत मुंबईजवळ पेरलेल्या सुरुंगावर आदळून २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले. मराठी वाचकाला हे युद्ध परके वाटण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाचा रंगमंच मात्र उत्तर समुद्राचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फेलिक्सस्टोच्या तळावर अमेरिकन कर्टिस बोटींची धडे नव्याने घडवण्यात आली आणि त्यांतून एफ.२ए ही दुइंजिनी फ्लाइंग बोट आकाराला आली. पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर, भरलेले वजन जवळजवळ पाच टन आणि चार माणसांचा चमू असे तिचे रूप होते. १९१७ पासून या तळावरच्या बोटी नूर्ड हिंडर दीपनौकेभोवती साठ सागरी मैल व्यासाच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या आखणीत गस्त घालू लागल्या आणि पाणबुड्यांचा माग काढू लागल्या. कर्टिसच्या एच-१२ बोटींनी तर त्याच वर्षी १४ मे रोजी एल २२ आणि १४ जून रोजी एल ४३ ही झेपेलिने, म्हणजे जर्मन हवाई जहाजे, पाडली. फेलिक्सस्टोच्या बोटींचा सामना बेल्जियमच्या किनाऱ्यावरील झेब्रुगच्या जर्मन तळावरच्या हान्सा-ब्रांडेनबुर्ग डब्ल्यू.१२ या दोन आसनी लढाऊ सीप्लेनशी होता. त्या विमानाची शेपटी नीट पाहण्यासारखी आहे. धड मागे वर उचललेले, आडवी शेपटी त्याच्या माथ्यावर आणि सुकाणू खाली लोंबणारे, अशी ती रचना होती. त्यामुळे मागच्या तोफचीच्या नेमाआड काहीच येत नसे. हा आकार सौंदर्यासाठी घडवलेला नाही, तो लढाईसाठी घडवलेला आहे.

४ जून १९१८ रोजी चार एफ.२ए आणि एक एच-१२ अशा पाच बोटी डच किनाऱ्याकडे निघाल्या. लढाईला तोंड लागण्यापूर्वीच त्यांतील एका एफ.२एची इंधनाची नळी निकामी झाली आणि ती पाण्यावर उतरली. जर्मन सीप्लेनांचा जथा तिच्यावर चालून आला तेव्हा उरलेल्या बोटी तिच्या रक्षणासाठी त्यांना भिडल्या, आणि ती लंगडी बोट पाण्यावरून सरपटत डच किनाऱ्याकडे गेली. या लढाईनंतर बोटींची धडे भडक रंगांच्या पट्ट्यांनी रंगवण्यात आली, म्हणजे लाटांवर उतरलेली बोट कोणाची हे सोबत्यांना दुरूनच ओळखता यावे. आजच्या सिम्युलेटरप्रेमींना हे रंग फार आवडतात. ते रंग का आले याचे उत्तर मात्र समुद्रावर अडकून पडण्याच्या भीतीत आहे.

दोन महायुद्धांमधला काळ प्रवासी आणि टपाल विमानांचा होता. ग्वाल्हेरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट त्यात आहे. इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या एम्पायर फ्लाइंग बोटी १९३८च्या सुमारास कराचीनंतर राजसमंद, मग ग्वाल्हेरजवळचा माधोसागर आणि पुढे अलाहाबाद व कलकत्ता असे थांबे घेत असत. समुद्र नसलेल्या शहराला तलावाने जगाच्या हवाई नकाशावर नेले. दुसऱ्या महायुद्धात कॅटलिना आणि संडरलंड या फ्लाइंग बोटींनी मोठी कामगिरी केली. त्यानंतर लांब धावपट्ट्या आणि हेलिकॉप्टर यांनी हा सारा प्रकार मागे टाकला.

सिम्युलेटरांचा इतिहास याहून लहान असला तरी आजच्या वादाला तोच अधिक कारणीभूत आहे. १९९०च्या दशकातल्या बहुतेक लढाऊ सिम्युलेटरांत समुद्र म्हणजे पडद्यावरचा निळा सपाट तुकडा होता आणि त्याला स्पर्श झाला की विमान नष्ट होई. पुढे नागरी सिम्युलेटरांनी विमानाच्या तळाला ‘कॉन्टॅक्ट पॉइंट’, म्हणजे जमिनीला वा पाण्याला टेकणारे बिंदू, देण्याची पद्धत आणली. चाक, घसरपट्टी आणि फ्लोट हे त्या यादीतले वेगवेगळे प्रकार झाले, पण व्यवहारात फ्लोट म्हणजे पाण्यावर चालणारे चाक असेच त्याचे रूप राहिले. २००४ च्या ‘पॅसिफिक फायटर्स’ या सिम्युलेटरमध्ये झीरो या जपानी लढाऊ विमानाची फ्लोटवाली आवृत्ती उडवता येऊ लागली. २००९ च्या ‘राइज ऑफ फ्लाइट’ने पुढे इंग्लिश खाडीचा नकाशा आणला आणि त्याबरोबर एफ.२ए व डब्ल्यू.१२ आणली, हे या क्षेत्रातले मोठे पाऊल होते. तरीही या विमानांचा वापर बहुतेक वेळा हवेतील चकमकींपुरता होत राहिला, कारण पाण्यावर करण्यासारखे फारसे काही उरतच नव्हते.

ग्वाल्हेरच्या गटात खरा वाद इथे सुरू होतो. प्रारंभी बहुमताने असे ठरले होते की पाण्याला ओली धावपट्टी मानावे: घर्षण थोडे वाढवावे, लाटा केवळ दिसण्यापुरत्या ठेवाव्यात आणि उड्डाणाचे अंतर पुस्तकी आकड्याशी जुळवावे. या निर्णयामागची कारणे वजनदार होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. एकाच सर्व्हरवर अनेक जण उडत असताना प्रत्येकाच्या संगणकावर लाटा वेगवेगळ्या असतात. त्या लाटा विमानाला ढकलू लागल्या तर सगळीकडे त्या एकाच क्षणी एकाच जागी असाव्या लागतात, आणि हे सोपे नाही. संगणकचालित वैमानिकांना जमिनीवरून उडणे शिकवलेले असते, पायरीवर चढणे नाही. शिवाय संध्याकाळी कामावरून आलेल्या खेळाडूला तासभर खवळलेल्या पाण्यावर झगडायला लावणे योग्य नाही, असेही म्हणणे होते.

माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता, आणि तो बदलण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या विमानांचा इतिहास अधिक नीट वाचला होता. पाणी धावपट्टी झाले की शॉर्ट १८४ टॉर्पेडोसह कुठूनही उठते आणि टगबोटीची घटना घडूच शकत नाही. एफ.२एची नळी फुटली तर खेळाडू खुशाल भर समुद्रात उतरतो आणि दुरुस्तीची कळ दाबून पुन्हा उडतो. मग सोबत्यांनी तिच्याभोवती लढण्याचे कारणच उरत नाही. एड्रियाटिकच्या शांत पाण्यावर लोनर उतरून माणसे वाचवू शकते आणि उत्तर समुद्राच्या लाटांवर तेच धाडस जिवावर बेतते, हा फरकही पुसला जातो. या विमानांमध्ये शौर्य आणि डावपेच दोन्ही पाण्याने ठरवलेले आहेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी पाण्याच्या नव्या मॉडेलची चाचणी चालते तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. दोन्ही इंजिने पूर्ण उघडली की आधी नाक वर येते आणि क्षितिज त्याच्याआड जाते. तुषार पंख्यांपर्यंत उडतात, आणि वेगाची सुई पुष्कळ वेळ जागची हलत नाही, कारण पाण्याचा अडथळा याच टप्प्यावर सर्वाधिक असतो. नियंत्रणाचा दांडा घाईने मागे ओढला तर बोट तिथेच अडकून राहते. धीर धरून नाक हळूच खाली आणले तरच ती पायरीवर चढते, तुषार मागे सरकतात आणि सुई एकदम पुढे धावते. पाणी आरशासारखे शांत असेल तर शेवटचे सुटणे अधिक अवघड जाते आणि बारीक लाटा असतील तर सोपे जाते, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या जलाशयावर मोटारबोट वेग घेताना पाहिली तर यातला पहिला भाग कोणालाही समजेल.

अडचण आकड्यांची आहे. १९३१ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन टोइंग टँकमधील (नावेचे नमुने पाण्यातून ओढून अडथळा मोजण्याच्या हौदातील) चाचण्यांचे अहवाल आज सर्वांना खुले आहेत आणि वेगानुसार पाण्याचा अडथळा कसा बदलतो हे त्यांत तपशिलाने सापडते. पण ती धडे पुढच्या पिढीची, अधिक सुधारलेली आहेत. त्यांचे आकडे १९१७च्या लाकडी बोटीला तसेच्या तसे लावले तर ती फारच सहज उडते. म्हणून गटाने वेग आणि अडथळा यांच्या वक्राचा आकार अहवालातून घेतला आणि त्याची उंची त्या काळच्या वजन व इंजिनशक्तीच्या हिशेबाने वाढवली. ही पद्धत अंदाजाची आहे, तरी प्रामाणिक आहे.

तूर्त ठरलेली तडजोड अशी आहे: बंदरातले पाणी शांत राहील, खुल्या समुद्रावरील लाटांची उंची मिशन रचणारा ठरवील, आणि ती उंची सर्व संगणकांना एकाच सूत्रातून मिळेल. पहिल्या टप्प्यात एफ.२ए आणि डब्ल्यू.१२ येतील, त्यानंतर शॉर्ट १८४ आणि लोनर. इंजिन बंद पडून लाटांवर उतरलेल्या बोटीला किती वेळ तरंगू द्यायचे आणि तिला ओढून नेण्यासाठी जहाज बोलावण्याची सोय खेळाडूला द्यायची की नाही, हे दोन मुद्दे अजून अनिर्णित आहेत. मिशन रचणाऱ्यांचे काम त्यांवरच अडले आहे.