पायाची तुंबलेली धमनी आणि इंजेक्शन: एक खुलासा
दादर स्थानकाचा जिना चढताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, अशा रुग्णांच्या घरी मुंबईत एक समज जुना आहे: हृदयविकाराच्या झटक्यात देतात तसे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेतले की पायाची धमनीही मोकळी होते. हा समज चुकीचा आहे. युरोकायनेज किंवा अल्टेप्लेज ही गुठळी विरघळवणारी औषधे रक्तातील प्लास्मिनोजेन या प्रथिनाचे प्लास्मिनमध्ये रूपांतर करतात आणि ते प्लास्मिन गुठळीतील फायब्रिनचे धागे तोडते. परंतु तंबाखू व मधुमेहामुळे धमनीत वर्षानुवर्षे साचत गेलेला चरबी, तंतुमय ऊती आणि कॅल्शियम यांचा थर त्यामुळे विरघळत नाही. पाय अचानक थंड, फिकट व बधिर झाला, तर गोष्ट वेगळी: साधारण १४ दिवसांच्या आतील ताज्या गुठळीत कॅथेटरद्वारे (धमनीत घातलेल्या बारीक नळीतून) औषध थेट सोडता येते. तेही सरसकट नव्हे, कारण रक्तस्रावाचा, क्वचित मेंदूतीलही, धोका असतो. आणि पायाची हालचालच मंदावली असेल, तर औषधाचा परिणाम होईपर्यंत तासन्‌तास थांबणे परवडत नाही, बहुधा तातडीची शस्त्रक्रियाच करावी लागते. जुन्या अडथळ्यावर तंबाखू सोडणे, नियमित चालणे, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आणि गरजेनुसार अँजिओप्लास्टी किंवा बायपास हे उपचार आहेत.