ईपी म्हणजे छोटा अल्बम नव्हे

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या खोलीत दर पावसाळ्यात कोणीतरी म्हणतोच, "यंदा अल्बम काढायचाच की." दिवाळीपर्यंत पाच गाणी होतात आणि त्या पाचांनाच सगळे अल्बम म्हणू लागतात. खरं तर ती ईपी (एक्स्टेंडेड प्ले) असते, म्हणजे चार-सहा गाण्यांचा संच. या एका गफलतीपायी हौशी बँडचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जाताना मी बघितलेत.

मापाचं आधी सांगतो. ॲपल म्युझिकवर साधारण चार ते सहा गाणी आणि तीस मिनिटांच्या आतला वेळ असेल तर ती ईपी. सात गाणी झाली किंवा तीस मिनिटं ओलांडली की अल्बम. अल्बमची लांबी ठरली ती तबकडीमुळे. १९४८ साली एलपी (लाँग प्ले) ही मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची. ईपी ही मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी, बाजूला दोन-दोन गाण्यांची.

पण खरा फरक गाण्यांच्या जोडणीत आहे. ईपीत चार चांगली गाणी पुरतात, ती एकमेकांना धरून नसली तरी चालतं. अल्बममध्ये पहिल्यानंतर दुसरं हेच का, याला उत्तर लागतं. आमची सहा गाणी मराठी, तीन कानडी. सुटी सोडली तेव्हा मराठी मित्रांनी मराठी ऐकली, कानडी मित्रांनी कानडी. शेजारी-शेजारी लावली तेव्हा आमच्याच लक्षात आलं की एका कानडी गाण्याचा ठेका पुढच्या मराठी गाण्यात जसाच्या तसा उतरलाय. सीमाभागात वाढलेल्या आमच्या कानांना तो वेगळा कधी वाटलाच नव्हता.

तरी नव्या बँडला मी आधी ईपीच करायला सांगतो. गणेशोत्सवाला किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणारे एक-दोन गाण्यांची लिंक मागतात, त्यांना दहा गाणी ऐकायला वेळ नसतो. पैशांचं म्हणाल तर, २०२४ पासून स्पॉटिफायवर गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा मोबदलाच धरत नाहीत. आमचं एकच गाणं तिथवर पोचलं.

शिवाय कष्ट. आम्ही रात्री साडेदहानंतर रेकॉर्डिंग करायचो, कारण दिवसा शेजारचे यंत्रमाग चालू असत आणि ती खटखट ड्रमच्या माइकात शिरायची. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की तेही बंद. एका गाण्याचे ड्रम क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर, नीट बसायला दोन रात्री गेल्या. चार गाण्यांपुरतं हे निभतं.

अल्बमची वेळ मात्र एकदा येते, आणि ती चुकवू नये. आमचा ड्रमर नोकरीला बेंगळुरूला निघाला, गाणारी पुण्याला. पाच-सहा वर्षं एका खोलीत रुजलेलं वाजवणं चार गाण्यांत मावणार नव्हतं. मग सगळ्यांनी पंधरा दिवस रजा काढली आणि नऊ गाणी एकत्र बसून वाजवली, बहुतेक एकेका टेकमध्ये, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात.

शेवटच्या गाण्यात एका जागी माग ऐकू येतो. त्या रात्री शेजारी रात्रपाळी होती. ड्रमर म्हणाला, "राहू दे, हे आपल्या वडगावचंच आहे." आम्ही तो टेक तसाच ठेवला.