जुनी गाडी घरच्या घरी चालती करताना

दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी सीट कव्हर बघतं. वडिलांची मारुती ८०० शेडमध्ये उभी आहे, सुट्टीत पोरांना हाताशी घेऊन घरीच करायची आहे, कोणता रंग उठून दिसेल? कव्हरं आमच्याकडे भरपूर आहेत, तरी आम्ही सांगतो की ती सगळ्यात शेवटी घ्या. आधी चटई उचलून खालचा पत्रा बघा. पत्रा, मग वायरिंग, मग ब्रेक, मग इंजिन आणि त्यानंतर सजावट. हा क्रम पाळलात तर बसवलेलं परत उसवावं लागत नाही.

हे पत्रक मुख्यतः कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या) ८०० चं आणि प्रीमियर पद्मिनीचं काम घरी काढणाऱ्यांसाठी आहे. ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि कारखान्यातून बंद झाली जानेवारी २०१४ मध्ये. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन साधं आहे आणि पार्ट अजून सहज मिळतात. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिनही सरळ आहे, पण तिच्या आतल्या पट्ट्या, हँडल, काचेची रबरं शोधायला फिरावं लागतं. म्हणून पद्मिनीतलं काहीही तुटकं म्हणून टाकून देऊ नका.

पुरात होती का?

सांगलीत जुन्या गाडीला पहिला प्रश्न हाच विचारायचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात राहिल्या, धुऊन पुसून विकल्या गेल्या, आणि आता त्याच तुमच्या-आमच्या दारात आहेत. विकणारा सांगेलच असं नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. एरवी गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग असेल तर गाडी पुरातली समजा. डॅशबोर्डखाली हात घालून एखादा कनेक्टर सोडवा. आतलं तांबं हिरवं पडलं असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. पुराचा गाळ इतका बारीक असतो की तो दाराच्या पोकळीत, सीटच्या रुळांत, चटईखालच्या नमद्यात (जाड लोकरी थरात) बसतो आणि दर पावसाळ्यात ओल धरतो. उन्हाळ्यात वास येत नाही म्हणून फसू नका.

सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मोबाईलवर फोटो काढा. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून डोकं मोडलं की ड्रिल घ्यावं लागतं. प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. चटई निघाली की नमदा सरळ फेकून द्या, तो धुऊन वाळवण्यात अर्थ नाही.

आता पत्रा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा शाबूत, बद्द आवाज येतो तिथे टोकाने दाबून बघा. पायाखालची जागा आणि सीट बोल्टच्या आजूबाजूची जागा नीट तपासा, कारण माणसाचं वजन तिथेच येतं. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढून रेड ऑक्साइड मारा, वर रंग द्या. भोक पडलं असेल तर नवा तुकडा वेल्डिंगनेच लावायचा. पुट्टी भरून वर डांबरी शीट चिकटवलेल्या गाड्या आम्ही बघतो. शीटच्या खाली गंज आरामात वाढत राहतो. फरशीतले रबरी बूच आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मोकळी करायला विसरू नका. ही भोकं बुजली की दार आतून कुजतं.

पाणी अजूनही येत असेल तर ते बहुतेक पुढच्या काचेच्या रबरातून येतं. एकाने बाहेरून पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पोरांना हे काम फार आवडतं.

वायरिंगमध्ये आधी अर्थिंग बघा. दिवे मंद, हॉर्न मधूनच वाजतो, काटा भलतंच दाखवतो, असली निम्मी दुखणी बॉडीला जिथे अर्थची वायर जोडली आहे तिथला गंज घासला की जातात. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे गाडी पेटवायची तयारी. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, एअर फिल्टरच्या डब्यात घरटंही सापडतं. चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा तेवढा तुकडा बदला.

फोम दाबला की परत वर येत नसेल तर बदला. रेक्झिनचं कव्हर चढवण्याआधी अर्धा तास उन्हात टाका, मऊ पडतं आणि सुरकुती राहत नाही. डॅशबोर्डला खोबरेल तेल लावू नका. दोन दिवस चमकतं, नंतर धूळ धरतं.

चावी मारायची घाई नको

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर देऊ नका. पुरातल्या गाडीत सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे मोकळे गेले तर निम्मी काळजी मिटली. अडलं तर पान्याला पाइप लावून ताकद करू नका, आणखी तेल सोडून दोन-चार दिवस थांबा.

मग टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑईल आणि फिल्टर बदला, कूलंट बदला. ८०० ला टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) आहे. तो कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलाच. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) हवेने साफ करायचे, तार घालून नाही. तारेने भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार.

ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा चालू इंजिनावर रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेटवर (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालच्या पॅकिंगवर) संशय घ्या. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज आमच्याकडे अनामत ठेवून दोन दिवसांसाठी मिळतो. सगळे प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात थोडं ऑईल सोडून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. इंजिन खोलायचं की नाही हे या एका चाचणीवर ठरवा, धूर बघून नाही.

हेड उतरवणं-चढवणं घरी जमतं, पण बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), बोअर (सिलिंडर आतून कापून मापात आणणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून मापात आणणं) ही लेथवाल्याची कामं आहेत. सांगली-मिरजेत चांगले लेथवाले आहेत. पिस्टन मात्र बोअरचं माप कळल्यावरच विकत घ्या.

गाडीखाली जाताना घोडी (गाडी पेलणारं लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर गाडी ठेवून खाली झोपणाऱ्याला आम्ही पार्ट देत नाही, हे खरंच सांगतोय. शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक ऑईल बदललेलं हवं.

पेट्रोल आणि कागदपत्रं

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपल्याच भागातला, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची! पण जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप, गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, कार्बोरेटरची रबरं यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात, गळतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं. तेव्हा ही रबरं नवीन आणि इथेनॉलला टिकणारी घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका.

खर्चाला हात घालण्याआधी आरसी बुकावरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, पुढे दर ५ वर्षांनी. कारसाठी ही फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. रंग बदलला किंवा दुसरं इंजिन टाकलं तर त्याची नोंद आरटीओत लागते, इंजिनासाठी परवानगी आधी घ्यावी लागते.

पार्ट घ्यायला येताना जुना पार्ट सोबत आणा, कितीही मोडका असो. कार्बोरेटरवाल्या ८०० चे आणि २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) ८०० चे बरेच पार्ट वेगळे आहेत, आणि फोनवर "तो गोल पाइप" सांगितला तर आम्हाला समजत नाही. जळकं ऑईल वाळवीसाठी बांधावर किंवा गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून आमच्याकडे द्या, आम्ही ते रिसायकलिंगवाल्यांना देतो.