बाळ कडेवर, संप्रेरक खाली

महिन्यातून एकदा तरी एक फॉरवर्ड माझ्या फोनवर येऊन आदळतो. चित्रात गुहा, गुहेच्या तोंडाशी भाला घेतलेला दणकट आदिमानव, आत शेकोटीजवळ तान्हं घेऊन बसलेली त्याची बायको. खाली मजकूर: पुरुषाने शिकार करायची आणि बाईने पोरं सांभाळायची, ही वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे, आणि हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे. कोणत्या विज्ञानाने, ते काही लिहिलेलं नसतं.

उत्तर फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावरच्या आग्ता बायकांना हे चित्र दाखवलं असतं तर त्या हसल्या असत्या. त्यांच्यातल्या काही गटांत बायका धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन रानात जायच्या आणि रानडुकरं मारून आणायच्या. चीनच्या युनान प्रांतात लुगू सरोवराकाठी मोसुओ लोक राहतात. त्यांच्या परंपरेत पुरुष रात्री जोडीदारणीकडे जातो आणि सकाळी स्वतःच्या आईच्या घरी परततो. मुलं आईच्या घरात वाढतात आणि घरातला मोठा पुरुष म्हणजे मामा. मेघालयातल्या खासींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. पण मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे. अशा बऱ्याच समाजांत कारभाराचा शब्द बापाऐवजी मामाचा चालतो, एवढाच फरक.

उलट टोकालाही जायला नको. जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात बाराशेहून अधिक समाजांच्या चालीरीतींची सूची केली. तीत लग्नानंतर बाईनेच नवऱ्याकडच्यांत राहायला जाण्याची रीत बहुसंख्य समाजांत दिसते. मोठ्या जनावरांची शिकार बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आहे, आणि तान्ह्याचं पहिलं ओझं बहुतेक ठिकाणी आईवर. या बाबतीत समाज एकमेकांसारखे आहेत. बापाचं काम काय, या प्रश्नाला मात्र माणसांनी जितकी उत्तरं दिली आहेत तितकी क्वचितच कुठल्या प्रश्नाला दिली असतील. सस्तन प्राण्यांत पिल्लांची देखभाल करणारे नर दहातल्या एका जातीतही सापडत नाहीत. चिंपांझीचा नर तर त्या भानगडीत पडतच नाही. माणसाचा बाप मात्र कुठे दिवसभर पोराला अंगावर वागवतो, तर कुठे वर्षभर त्याला हातही लावत नाही.

मग शरीराचं काय? फॉरवर्डवाल्यांचा बाण एकाच दिशेने जातो. पुरुषात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) आहे, म्हणून तो आक्रमक, म्हणून पोरं सांभाळणं त्याचं काम नाही. हा बाण उलटाही जातो, म्हणजे पोर सांभाळण्याने टेस्टोस्टेरॉनच बदलतं, आणि मला या सगळ्या विषयात आवडते ती हीच गोष्ट. थोडं खोलात जावं लागेल, पण सोबत राहा.

टेस्टोस्टेरॉनची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो थोड्या थोड्या वेळाने, ठोके पडावेत तसा, जीएनआरएच या संप्रेरकाचा फवारा सोडतो. त्याला लागूनच असलेली पीयूषिका ग्रंथी त्याला प्रतिसाद म्हणून एलएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते वृषणातल्या लायडिग पेशींपर्यंत पोचलं की त्या कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं की ही खबर उलट मेंदूकडे जाते आणि फवारे मंदावतात. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा वर आला की पाणी बंद होतं, तसंच. फरक इतकाच, की या गोळ्याची उंची कायमची ठरलेली नसते. झोप, आजारपण, उपासमार, भांडण, प्रेमात पडणं, यांतल्या प्रत्येकाने ती वर-खाली होते, कारण हायपोथॅलॅमसकडे मेंदूच्या इतर भागांतूनही तारा येतात. आजूबाजूला काय चाललंय, हे त्या ग्रंथींना असं कळतं.

आणखी एक बारकावा. रक्तातलं बहुतांश टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. हे मोकळं टेस्टोस्टेरॉन पेशींच्या भिंतींतून आरपार जातं, त्यामुळे ते लाळेतही उतरतं. म्हणून संशोधकाला सुई टोचावी लागत नाही, छोट्या नळीत थुंकायला सांगितलं तरी पुरतं. मात्र दोनदा थुंकावं लागतं, उठल्या उठल्या आणि झोपण्यापूर्वी, कारण ही पातळी पहाटे चढलेली असते आणि दिवसभरात उतरते. वेळ न लिहिता घेतलेल्या नमुन्याचा काही उपयोग नाही.

उलट्या बाणाची पहिली चाहूल पक्ष्यांत लागली. जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलं, की नराचं टेस्टोस्टेरॉन इतर नरांशी झुंजायच्या, जागा राखायच्या काळात चढतं आणि पिल्लांना भरवायच्या काळात उतरतं. मुद्दाम उतरू दिलं नाही तर? जुंको नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर हा प्रयोग झाला. नरांच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनची बारीक नळी बसवली. ते गायले जास्त, भटकले लांबवर, आणि पिल्लांना भरवायला कमी वेळा आले.

माणसाचं काय, हे तपासायला संयम हवा. बाप आणि बिनपोरांचे पुरुष शेजारी उभे करून मोजलं आणि बापांची पातळी कमी निघाली, तरी काहीच सिद्ध होत नाही. मुळातच कमी टेस्टोस्टेरॉन असलेले पुरुष संसाराला लागत असतील! म्हणून तीच माणसं पुन्हा मोजावी लागतात. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. २००५ साली विशीतल्या ६२४ तरुणांची लाळ घेतली, साडेचार वर्षांनी पुन्हा घेतली, आणि निष्कर्ष २०११ साली छापले. आधी ज्यांची पातळी जास्त होती, तेच नंतर बाप होण्याची शक्यता अधिक निघाली. म्हणजे वरची शंका उलटीच पडली. आणि बाप झाल्यावर त्यांची सकाळची पातळी २६ टक्क्यांनी आणि संध्याकाळची ३४ टक्क्यांनी उतरली. एकट्या राहिलेल्यांची घट याच्या निम्म्याहूनही कमी होती. त्यातही रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं बघणाऱ्या बापांची पातळी सर्वांत खाली होती. पुढच्या एका तपासणीत मुलाशेजारी झोपणाऱ्या बापांची संध्याकाळची पातळी वेगळं झोपणाऱ्यांपेक्षा कमी निघाली.

यावर 'म्हणजे बाप झालं की मर्दानगी संपली' असा अर्थ काढायला लोक टपलेलेच असतात, आणि त्यांच्या मागोमाग 'टेस्टोस्टेरॉन वाढवा' म्हणत गोळ्या विकणारे. ही घट निरोगी मर्यादेतली असते, तो आजार नव्हे. त्या उतरलेल्या बापांना दुसरं, तिसरं मूलही होतंच. डॉक्टरांनी तपासून कमतरता सांगितली नसेल, तर बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन त्याच तरंगत्या गोळ्याला फसवतं, मेंदूचे फवारे थांबतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते. मर्दानगीसाठी घेतलेल्या औषधाने बाप होणंच अवघड व्हावं!

आता समाजांकडे परत. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात दोन समाज शेजारी राहतात. हाद्झा शिकार करून आणि कंद-मध गोळा करून जगतात, आणि त्यांचे बाप तान्ह्यांजवळ असतात, त्यांना घेतात, खेळवतात. दातोगा गुरं पाळतात. त्यांच्यात तान्हं म्हणजे बायकांचा प्रांत, आणि बाप बरेचदा झोपतोही वेगळा. मार्टिन मुलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोघांची लाळ तपासली. हाद्झांमध्ये बापांची पातळी बिनपोरांच्या पुरुषांपेक्षा कमी होती. दातोगांमध्ये फरकच नव्हता. कागदावर दोन्हीकडचे पुरुष 'बाप'च, पण शरीराने नोंद घेतली ती प्रत्यक्ष मूल घेण्याची. इथे माणसं पुन्हा मोजलेली नाहीत, त्यामुळे सेबूइतकं हे भक्कम नाही. पण सेबू आणि एयासी शेजारी ठेवले की चित्र जुळतं.

मग कुठल्या समाजात बाप मूल घेतो आणि कुठल्यात नाही, हे कशाने ठरतं? इथे संप्रेरकं संपतात आणि जाळं सुरू होतं. मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या आका लोकांबरोबर बॅरी ह्यूलेट हा मानवशास्त्रज्ञ राहिला. आका बाप दिवसाच्या चोवीस तासांपैकी ४७ टक्के वेळ तान्ह्याला घेऊन तरी असतो, नाहीतर ते हात लांबवून घेता येईल इतकं जवळ असतं. आई जवळ नसली आणि पोर किंचाळत असलं, तर बाप त्याच्या तोंडात स्वतःचं स्तनाग्र देतो. दूध येत नाही, पण पोर गप्प होतं. आकांचे शेजारी, शेती करणारे न्गांडू, यांच्यात मात्र बाप तान्ह्यापासून लांबच. जंगल तेच, पाऊस तोच.

ह्यूलेटचं म्हणणं असं, की आका जाळ्याने शिकार करतात. झुडपांतून लांबच लांब जाळी लावायची आणि जनावरं हाकत तिच्यात आणायची. हे काम नवरा-बायको मिळून करतात, आणि पोरंही सोबतच असतात. परतीच्या वाटेवर मांसाची, फळांची जड टोपली बायकोच्या पाठीवर असते, मग पोर नवऱ्याकडे येतं. पूर्वेला, काँगोतल्या इटुरीच्या जंगलात राहणाऱ्या एफे लोकांतले पुरुष धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात, बायकांना मागे ठेवून. तिथे तान्हं दिवसभर बायकांच्या हातून हाती फिरतं, आईशिवाय दुसऱ्या बाईचं दूधही पितं, आणि बापाच्या वाट्याला फारसं येत नाही.