आफ्रिकन-अमेरिकन समाजातील संस्कृती–संरचना वाद

आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांमधील दारिद्र्य, एकपालक कुटुंबे, शाळेतील पिछाडी आणि हिंसा यांची मुळे लोकांच्या राहणीत व मूल्यांत शोधायची, की रोजगार, घरे, शाळा आणि न्यायव्यवस्था यांच्या रचनेत, याविषयी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेला वाद. त्याचा सर्वांत कसदार भाग कृष्णवर्णीय अभ्यासक, धर्मगुरू, शिक्षिका आणि राजकारणी यांच्यात आपसांत झडला आहे. गोऱ्या परंपरावाद्यांशी झालेल्या संघर्षाइतकी त्याची प्रसिद्धी मात्र झालेली नाही.

वादाचा आरंभ सामान्यतः कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या अटलांटा येथील १८ सप्टेंबर १८९५ च्या भाषणापासून धरतात. राजकीय हक्कांची मागणी तूर्त मागे ठेवून हातकाम, काटकसर आणि मालमत्ता यांवर भर द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यावर कडक टीका केली. या दोघांना दोन टोकांना बसवण्याची पाठ्यपुस्तकांची रीत अपुरी आहे. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात १८९६-९७ मध्ये घरोघर फिरून पाहणी केली. त्यासाठी कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता, संस्था आणि घरी राहून काम करणारे नोकर अशा सहा वेगवेगळ्या प्रश्नावल्या वापरल्या. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुन्हेगारी आणि कुटुंबाची शिथिलता यांवर त्यांनी कठोर लिहिले. कारखान्यांची दारे बंद असल्याने शिकलेल्या तरुणांनाही घरगुती नोकरीच करावी लागते, हेही त्याच ग्रंथात तपशिलाने दाखवले. शेवटच्या प्रकरणात ‘निग्रोंचे कर्तव्य’ आणि ‘गोऱ्यांचे कर्तव्य’ अशी दोन स्वतंत्र उपप्रकरणे आहेत. पुढील शतकभराचा वाद बराचसा या दोहोंपैकी एकच भाग वाचणाऱ्यांमध्ये झाला, असे म्हणता येते.

याच काळात स्त्रियांच्या संघटनांनी उन्नतीचा कार्यक्रम प्रत्यक्षात आणला. कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय संघटना १८९६ मध्ये स्थापन झाली. स्वतः वर चढताना इतरांनाही वर घ्यावे, असे तिचे ब्रीद होते. नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टन शहरात मुलींची प्रशिक्षणशाळा काढली. बायबल, स्नान आणि झाडू ही त्या शाळेची त्रिसूत्री. दक्षिणेकडून शिकागोला येणाऱ्यांसाठी तेथील कृष्णवर्णीय वृत्तपत्रे आणि अर्बन लीग ही स्थलांतरितांना मदत करणारी संघटना सूचना छापून वाटत: ट्राममध्ये मोठ्याने बोलू नये, डोक्याला फडके बांधून रस्त्यावर येऊ नये, घरासमोर घाण ठेवू नये. १९१० ते १९७० दरम्यान सुमारे साठ लाख लोक दक्षिण सोडून गेले, यावरून या सूचनांचा आवाका ध्यानात यावा. इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी बॅप्टिस्ट स्त्रियांच्या चळवळीचा अभ्यास करताना १९९३ मध्ये या वृत्तीला ‘प्रतिष्ठेचे राजकारण’ हे नाव दिले. आज ते निंदाव्यंजक झाले असले, तरी त्यांच्या मांडणीत त्याला प्रतिकाराची बाजूही होती, कारण काळी स्त्री मुळातच चारित्र्यहीन असते या गोऱ्या समजाला या स्त्रिया आपल्या वागण्यातून उत्तर देत होत्या. या राजकारणाची किंमत अलाबामातील माँटगोमेरी शहरात दिसली. तेथे पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विन हिला बसमधील जागा न सोडल्याबद्दल २ मार्च १९५५ रोजी अटक झाली. पण तिचे वय, स्वभाव, घरची गरिबी आणि पुढे आलेले गरोदरपण यांमुळे नेत्यांनी तिच्यावर आंदोलन उभारले नाही. ते १ डिसेंबरला अटक झालेल्या रोझा पार्क्स यांच्यावर उभे राहिले. बसमधील वर्णविभाजन ज्या खटल्याने घटनाबाह्य ठरले, त्यातील एक फिर्यादी मात्र कोल्विनच होती.

कुटुंबरचनेच्या उगमाचा प्रश्न. दोन पालक एकत्र नसलेल्या घरांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत अधिक का, याची तीन प्रमुख उत्तरे आहेत. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझिअर यांच्या मते (१९३९) गुलामगिरीने आफ्रिकी वारसा जवळजवळ पुसून टाकला. मळ्यांवर मातृकेंद्री कुटुंब तयार झाले, मुक्तीनंतर ते काही अंशी सावरले आणि उत्तरेकडील शहरांत पुन्हा विस्कटले. मानवशास्त्रज्ञ मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी (१९४१) दाहोमी (आजचे बेनिन), सुरिनाम व हैती येथील क्षेत्रकार्याच्या आधारे पश्चिम आफ्रिकी नातेव्यवस्थेचे अवशेष टिकून असल्याचे मांडले. फ्रेझिअर यांचा विरोध निव्वळ शास्त्रीय नव्हता. काळे लोक मुळातच वेगळे आहेत असा निष्कर्ष काढून वर्णविभाजनाचे समर्थक हे पुरावे वापरतील, अशी त्यांची भीती होती, आणि त्या काळात ती निराधार म्हणता येत नाही.

तिसरे उत्तर इतिहासकार हर्बर्ट गटमन यांचे (१९७६). त्यांनी मळ्यांवरील जन्मनोंदी, मुक्तीनंतरच्या विवाहनोंदी आणि १८८० पासूनच्या जनगणना तपासल्या. गुलामांमध्ये दीर्घ काळ टिकलेली लग्ने, बापाचे वा आजोबांचे नाव मुलाला देण्याची पद्धत आणि चुलत-आते-मामे भावंडांशी विवाह टाळण्याचा नियम त्यांना आढळला. या शेवटच्या बाबतीत मालकांची रीत उलट होती. १८८० ते १९२५ या काळात दोन पालकांचे घर हाच सर्वसाधारण प्रकार होता, असा त्यांचा निष्कर्ष. तो सुमारे पंधरा वर्षे जवळपास निर्विवाद मानला गेला. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दोन दुरुस्त्या केल्या. जुन्या जनगणनांत कधीच विवाह न झालेल्या किंवा नवऱ्याने सोडलेल्या अनेक स्त्रियांनी स्वतःला विधवा म्हणवून घेतले होते. मृत्यूदराशी ताडून पाहिल्यावर विधवांची संख्या जुळेना. शिवाय स्टीव्हन रगल्स यांनी १९९४ मध्ये दाखवले की, १८८० ते १९६० दरम्यान आई किंवा बाप जवळ नसलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण बरेचसे स्थिर, आणि गोऱ्या मुलांच्या सुमारे अडीचपट होते. म्हणजे फरक जुना, पण १९६० नंतरची मोठी वाढ नवी. उपलब्ध पुराव्याला हे मत अधिक धरून आहे. गुलामगिरी हे एकच कारण पुढे केल्यास ती वाढ १९६० नंतरच का झाली, हे सांगता येत नाही.

मॉयनिहन अहवाल. मजूर खात्याचे साहाय्यक सचिव डॅनिअल पॅट्रिक मॉयनिहन यांनी मार्च १९६५ मध्ये ‘निग्रो कुटुंब’ हा अंतर्गत अहवाल लिहिला. आरंभी त्याच्या शंभरच प्रती छापल्या होत्या. पुरुषांची बेकारी आणि कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत हे दोन आलेख पूर्वी एकत्र वरखाली होत. १९६० नंतर बेकारी उतरली तरी मदतीचे अर्ज चढत राहिले. या आलेखाला पुढे ‘मॉयनिहनची कात्री’ म्हणू लागले. त्यावरून कुटुंबाचे विघटन आता स्वतःच्या गतीने चालले आहे, असे त्यांनी सुचवले. मात्र पुरुषांना काम मिळवून देणे हे स्वतःला अभिप्रेत असलेले उत्तर त्यांनी अहवालात घातलेच नाही, कारण लक्ष समस्येवर राहावे अशी त्यांची इच्छा होती. ही चूक महागात पडली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल होऊन ३४ जण ठार झाले, त्याच सुमारास अहवाल फुटला आणि दंगलीचे स्पष्टीकरण म्हणून वाचला गेला. ज्या ‘विकृतीचा गुंता’ या शब्दप्रयोगावर सर्वाधिक संताप झाला, तो कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांच्या लेखनातून घेतलेला होता. विल्यम रायन यांनी अशा मांडणीला ‘बळीलाच दोष देणे’ म्हटले. गुलाम स्त्रीच्या हाती ‘मातृसत्ता’ होती ही कल्पनाच कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांनी तुरुंगातून लिहिलेल्या १९७१ च्या निबंधात मिथक म्हणून नाकारली. अहवालाचे मर्म त्यांनी अधिक नेमके पकडले.

अहवालातील सर्वाधिक उद्धृत आकडा विवाहबाह्य जन्मांचा: १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांत २३.६ टक्के, गोऱ्यांत सुमारे ३ टक्के. हा आकडा वाचताना होणारी चूक अजून थांबलेली नाही. ते गुणोत्तर आहे, म्हणजे एकूण जन्मांतील वाटा; दर हजार अविवाहित स्त्रियांमागील जन्मांचा दर नव्हे. समजा, एका वस्तीत १,००० जन्मांपैकी २४० अविवाहित आणि ७६० विवाहित स्त्रियांचे आहेत. विवाहितांनी कमी मुले होऊ दिली आणि त्यांचे जन्म ३८० वर आले, तर अविवाहितांच्या वर्तनात तिळमात्र बदल न होता गुणोत्तर २४ वरून ३९ टक्क्यांजवळ जाते. प्रत्यक्षात असेच काहीसे घडले. १९७० ते २०१० दरम्यान कृष्णवर्णीयांतील हे गुणोत्तर सुमारे ३८ वरून ७२ टक्क्यांच्या आसपास गेले. दर हजार अविवाहित कृष्णवर्णीय स्त्रियांमागे होणारे जन्म मात्र घटले. विवाह उशिरा होणे किंवा न होणे आणि विवाहितांची कमी अपत्ये ही वाढीची मोठी कारणे होत. ‘७२ टक्के’ हा आकडा नीतीच्या ऱ्हासाचा थेट मापदंड म्हणून वापरणारे भाषण म्हणूनच पायातच कच्चे असते. बाप त्याच घरी राहत नसला म्हणजे तो मुलांच्या आयुष्यात नसतो, हे गृहीतकही टिकत नाही. आंघोळ घालणे, जेवू घालणे, अभ्यास घेणे यांविषयीच्या २००६-१० च्या राष्ट्रीय पाहणीत कृष्णवर्णीय बाप इतरांच्या बरोबरीने, काही बाबतीत पुढे आढळले.

कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलिअस विल्सन यांनी १९८७ मध्ये दोन्ही बाजूंना जोडणारी मांडणी केली. एका वयोगटातील दर १०० स्त्रियांमागे नोकरी असलेले पुरुष किती, असा निर्देशांक त्यांनी वापरला. बेकार, तुरुंगातील आणि अकाली मेलेले पुरुष त्यातून आपोआप गळतात. शिकागोतील कारखाने गेले, घरे घेण्यावरचे वर्णनिर्बंध सैल झाल्यावर मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयही वस्ती सोडून गेले, आणि मागे उरलेल्यांभोवती नोकरीचा पत्ता सांगणारे कोणी राहिले नाही. वर्तन खरे, पण ते परिस्थितीला दिलेले उत्तर, ही त्यांची भूमिका. येथेही ती अधिक ग्राह्य मानली आहे. अशा वस्त्यांतील गरिबांसाठी वापरलेल्या ‘अधोवर्ग’ (अंडरक्लास) या शब्दाचा दुरुपयोग पाहून १९९० मध्ये त्यांनी स्वतःच तो सोडला.

गुन्ह्याच्या प्रश्नावर समाजातील मतभेद सर्वांत वेदनादायक आहेत. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचा ओढण्याचा स्वस्त प्रकार) ५०० ग्रॅम कोकेन-पुडीइतकी, म्हणजे किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. २०१० मध्ये हे प्रमाण १००:१ वरून १८:१ वर आले. काँग्रेसमधील अनेक कृष्णवर्णीय सदस्यांनी १९८६ च्या कायद्याला पाठिंबा दिला होता. रोज गोळीबार ऐकणाऱ्या वस्तीने पोलीसही मागितले होते आणि शाळा व नोकऱ्याही, पोलीस मिळाले. ‘काळ्यांनी काळ्यांवर केलेला गुन्हा’ हा शब्दप्रयोगही दिशाभूल करतो. १९८० ते २००८ या काळात ९३ टक्के कृष्णवर्णीय बळी कृष्णवर्णीयांच्या हातून मेले, तसे ८४ टक्के गोरे बळी गोऱ्यांच्या हातून. खून बहुधा ओळखीत आणि शेजारात होतो. गंभीर फरक खुनाच्या दरात आहे, आणि तो लपवूनही उपयोग नाही.

अभ्यासात पुढे असणे म्हणजे ‘गोऱ्यांसारखे वागणे’ असे मुले मानतात, हे सिग्निथिया फोर्डम व जॉन ओग्बू यांचे मत (१९८६) वॉशिंग्टनमधील एका शाळेवर आधारलेले होते. नंतरच्या बहुशालेय अभ्यासांत ते सरसकट आढळले नाही.

विनोदी नट बिल कॉस्बी यांनी १७ मे २००४ रोजी, शाळांतील वर्णविभाजन रद्द ठरवणाऱ्या निकालाच्या पन्नासाव्या वर्षदिनी, गरीब पालकांना जाहीरपणे फटकारले. समाजशास्त्रज्ञ मायकल एरिक डायसन यांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. बराक ओबामा यांचे शिकागोतील जून २००८ चे पितृदिनाचे भाषण याच परंपरेतले. त्यांनी २०१४ मध्ये मुलग्यांसाठी सुरू केलेल्या योजनेत मुली का नाहीत, असा आक्षेप कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांनी घेतला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचे धागे थेट आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ च्या दलित पँथरने नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, हा बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत दिलेला उपदेश बरोज यांच्या त्रिसूत्रीशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे; दोन्हीकडे तो हक्कांच्या मागणीसोबत आला, तिच्याऐवजी नव्हे.

या विषयावरील संशोधन शिकागो, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशा मोजक्या शहरांवर केंद्रित आहे. निम्म्याहून अधिक आफ्रिकन-अमेरिकन आजही दक्षिणेत राहतात, आणि दर दहांपैकी सुमारे एक कृष्णवर्णीय कॅरिबियन, आफ्रिका वा अन्यत्र जन्मलेला आहे. त्यांच्या कुटुंबांचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत.