पार्श्वभूमी: एम असिस्ट आणि एमबॉट

नागपूरच्या सीताबर्डी, धरमपेठेतल्या सायबर कॅफेंत काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम चालायचा, त्याच्याही आधीपासून एमबॉट, म्हणजे नेम (एम) आपोआप शत्रूवर वळवणारे हॅक, आहेत. १९९६च्या क्वेक या गेममागोमाग खेळाडू आणि सर्व्हर यांच्या मधे बसून पॅकेट, म्हणजे त्यांच्यातली माहिती, बदलणारे प्रोग्राम निघालेच होते.

मूळ फट आजही तीच. शत्रू पडद्यावर दाखवायचा तर त्याची जागा तुमच्या मशीनला आधी कळवावी लागते. दर फ्रेमला सर्व्हरला विचारत बसलं, तर नागपूर-मुंबई एवढ्या पिंगलाही (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेलाही) खेळ अडखळेल. हॅक मेमरीतले हे एक्स-वाय-झेड आकडे उचलतो, त्यातून तुमची जागा वजा करतो, आर्कटॅन या त्रिकोणमितीतल्या गणिताने आडवा-उभा कोन काढतो आणि नेम वळवतो. एका फ्रेममध्ये वळवला तर रीप्लेत उघडा पडतो, म्हणून स्मूथिंग, म्हणजे नेम हळूहळू वळवणं, आलं. तेही फसतं: दर फ्रेमला उरलेल्या कोनाचा ठरावीक हिस्साच कापला जातो आणि माणसाचा हात इतका नेमाने कधी चालत नाही.

खरा घोळ 'एम असिस्ट', म्हणजे गेमच नेमाला देतो ती मदत, या नावात आहे. बीजीएमआय या मोबाईल गेमच्या सेटिंगमध्ये याच नावाचं बटण आहे, ते चालू ठेवणं नियमातलंच. कंट्रोलरवर मदत दोन तऱ्हेची. नेम शत्रूवरून जाताना सेन्सिटिव्हिटी (नेम फिरण्याचा वेग) घटते, याबद्दल फारसं कोणी भांडत नाही. दुसरी रोटेशनल: शत्रू सरकला की कॅमेरा स्वतःहून थोडा त्याच्यामागे फिरतो. माणसाला प्रतिसाद द्यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, इंजिनाला जवळपास काहीच नाही. कन्सोलवाले आपसांत खेळत होते तोवर चाललं. क्रॉसप्ले, म्हणजे कन्सोल आणि पीसीवाले एकाच सामन्यात, आल्यावर माउसवाले ओरडले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. एपेक्स लेजेंड्स या गेमने पीसी लॉबीतली (पीसीवाल्यांच्या सामन्यांतली) ही मदत २५ टक्क्यांनी कमी केली ती थेट ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर ही मदत लाटायला माउसला कंट्रोलर भासवणारे अडॅप्टर बाजारात रुळले होते. ते गेमच्या मेमरीला हातच लावत नाहीत, त्यामुळे मेमरी तपासून सापडत नाहीत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या लॅन (एकाच जागी जमून खेळायच्या) स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या मशीनवर 'वर्ड' नावाखाली लपवलेला हॅक सापडला. ५ वर्षांची बंदी बसली. अँटीचीट, म्हणजे हॅक पकडणारे प्रोग्राम, कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) उतरले, तर हॅकवाले दुसऱ्या संगणकावरून मेमरी वाचणाऱ्या डीएमए कार्डांकडे वळले.

मोबाईलवर डिसेंबर २०२१ पासून बीजीएमआयची बंदी खात्यासोबत फोनवरही बसते. बर्डीवर सेकंडहँड फोन घेताना पैसे देण्याआधी त्यावर गेम लॉगिन करून बघावा.